भुसावळची फेसपेटी

विलास भिरूड यांनी फेसपेटीचा दाब सकाळी तपासला तेव्हा काटा दीडवर होता आणि दुपारी पाहिला तेव्हाही दीडवरच होता. छत्तीस वर्षं भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांचे हवेचे ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला गळती हा स्वतःचा अपमान वाटतो. पेटीत गळती नव्हती. त्यांनी हात पुसले आणि पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलेल्या डॉ. शर्वरी सोनकांबळे यांना खुर्ची दिली.

पेटी दिसायला आइस्क्रीमच्या गाडीवरच्या डब्यासारखी होती. आत वीस लिटरचं स्टीलचं पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइडची छोटी टाकी, मध्ये दाब आवरणारी झडप, बाहेर एक नळ. पिंपाभोवती तांब्याच्या नळीचं शीतवेटोळं होतं आणि ते आतली बिअर चार अंशांवर ठेवायचं. दोघांनी उचलून गाडीत ठेवावी, जिथे जायचं तिथे न्यावी, नळ फिरवावा. मुळात हे सगळं फेस मंडळाच्या सहलींसाठी होतं. फेस मंडळ म्हणजे घरच्या घरी बिअर बनवणारे अकरा निवृत्त रेल्वेवाले. विलासरावांच्या पत्नी हेमलताबाई म्हणत, लोक पेन्शनीत देवधर्म करतात, आमच्याकडे आंबवतात.

त्याच आंबवण्यासाठी आता पुण्याहून सरकारी गाडी आली होती.

पंचवीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं नवं यीस्ट बाजारात आणलं. त्याला दोन गुण जोडलेले होते. एक, ते असं विष सोडायचं की आसपासचं परजातीचं यीस्ट मरून जाई. त्यामुळे बेकऱ्यांत आणि औषधांच्या कारखान्यांत भेसळीचा प्रश्न मिटला. दुसरा, त्याच्या पेशीत पिढीमापक होता. ठरावीक पिढ्या झाल्या की ते आपोआप मरायचं आणि नवं विकत घ्यावं लागायचं. लोकांनी पहिल्या गुणाचं कौतुक केलं आणि दुसऱ्याबद्दल कुरकुर केली. भिण्याजोगा होता तो पहिलाच. हे मारक यीस्ट हवेतून सगळीकडे पसरलं आणि निसर्गातली जुनी यीस्टं नाहीशी झाली. मग गेल्या वर्षी कंपनीकडचं मूळ वाणच रोगानं गेलं. मारक यीस्टच्या शेवटच्या पिढ्या आता जगभर मोजून संपत होत्या.

प्रयोगशाळांनी गोठवून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढले. स्वच्छ, थंडगार खोल्यांत ते वाढवायला घेतले आणि दोन आठवड्यांत सगळे मेले. कुठून तरी बाहेरची हवा शिरली असणार, असं अहवालांत लिहिलं गेलं. पाव नसला तर माणूस भाकरी खाईल. पण इन्सुलिनही आता सगळं यीस्टच बनवत होतं आणि इन्सुलिनला भाकरीसारखा पर्याय नव्हता.

हेमलताबाई एकोणतिसाव्या वर्षापासून इन्सुलिनवर होत्या. घरात साडेचार महिन्यांचा साठा होता. कारखान्याच्या हाती मारक नसलेलं, पिढ्या न मोजणारं यीस्ट पडलं असतं, तर त्यात इन्सुलिनचं जनुक बसवून औषध बाहेर यायला तीन महिने लागले असते. विलासरावांना हा हिशेब तोंडपाठ होता. बाईंनाही होता, पण दोघं त्याबद्दल बोलत नसत.

आणि असं यीस्ट पृथ्वीवर एकाच ठिकाणी सापडलं होतं, भुसावळच्या अकरा स्वयंपाकघरांतल्या अकरा बरण्यांत.

"तुमचंच कसं वाचलं, काका?" शर्वरीनं विचारलं.

"झाकणं," विलासराव म्हणाले. "ब्रेकच्या रबराची आहेत. मी स्वतः कापून दिलीत सगळ्यांना. हवा आत जाऊच शकत नाही, मॅडम."

शर्वरीला दुसरं कारण दिसत नव्हतं, त्यामुळे तिनं ते मानलं. पुढचा सगळा बेत त्यावरच बेतला गेला. पुण्यात तीस संस्थांची माणसं येणार होती. प्रत्येकाला बरणी उघडून द्यायची म्हणजे तीस वेळा हवा आत. फेसपेटीत मात्र दाब कायम आतून बाहेर होता. नळ उघडला तर बिअर बाहेर येई, हवा आत शिरत नसे. प्रत्येकाच्या निर्जंतुक बाटलीत पेलाभर जिवंत बिअर जाईल, खालच्या गाळासकट. थंड बिअरमध्येच वायू नीट मुरतो, म्हणून पिंप पंधरा दिवस गार ठेवायचं आणि मध्ये उघडायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. एक बरणी मात्र मागे ठेवा, असं ती बजावून गेली.

फेस मंडळाचा एक नियम होता. वार्षिक मेळाव्याला सगळ्यांनी आपापली बरणी एका पिंपात रिकामी करायची, मागे थेंबही ठेवायचा नाही, आणि संध्याकाळी त्या मिश्रणातूनच प्रत्येकानं विरजणासारखं नवं मूळ घरी न्यायचं. माझं चांगलं, तुझं वाईट, हा वाद उरू नये म्हणून हा नियम होता. आता एक बरणी ठेवायची म्हटल्यावर तोच वाद सुरू झाला. कुणाची ठेवायची? इंगळे म्हणाले, माझी सगळ्यांत जोमदार. अन्वर तडवी म्हणाले, जोमदार आहे म्हणूनच आंबट झाली. ज्याची राहील त्याचंच नाव पेपरात येईल, असंही कुणी बोललं. तीन तास भांडून अकराही जणांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की नियम मोडायचा नाही. परत आल्यावर सगळ्यांना सारखं वाटून घेऊ. सगळ्या बरण्या पिंपात ओतल्या गेल्या. शर्वरी फोनवर चिडली खरी, पण बरणीपेक्षा पेटी सुरक्षित, असं तिनं स्वतःला समजावलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत सकाळी अकराला नळ उघडला. बिअर गाळासकट, सोन्यासारखी आली, वर दोन बोटं फेस. इन्सुलिनच्या कारखान्याचा माणूस हातात बाटली घेऊन रांगेत पहिला उभा होता. टाळ्या वाजल्या आणि विलासरावांना रडू आवरेना. आयुष्यात एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

शर्वरीनं गाळाचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि त्यात निळा रंग घातला. जिवंत पेशी हा रंग फोडून टाकते आणि पांढरी राहते. मेलेली पेशी निळी होते. तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. जवळजवळ सगळं निळं होतं. मग तिचे वरिष्ठ डॉ. ठोंबरे यांनी पाहिलं.

"पांढऱ्या आहेत काही," ते म्हणाले. "शंभरात चारपाच असतील."

तेवढ्याही पुरल्या असत्या. एकसुद्धा पुरली असती. पण जनुकचाचणीला वीस मिनिटं लागली आणि त्या पांढऱ्या पेशी मारक यीस्टच्या निघाल्या. त्यांच्या मापकावर सहा पिढ्या शिल्लक होत्या.

"पेटीत हवा गेलेली नाही," विलासराव म्हणाले. "मी लिहून देतो."

"नाहीच गेली," ठोंबरे म्हणाले. "मारक आधीपासून तुमच्या बरण्यांत होतं. तुम्ही झाकण उघडून गाळ काढताना दर वेळी थोडं पडतच होतं. भुसावळच्या स्वयंपाकघरात तापमान किती असतं?"

"पस्तीस. उन्हाळ्यात बेचाळीस."

"हिवाळ्यात?"

"आता हिवाळा राहिलाय कुठे, साहेब?"

ठोंबऱ्यांनी शर्वरीकडे पाहिलं. पुढचं तिनं सांगितलं, कारण ते तिनंच सांगायला हवं होतं. मारकाचं विष हे एक प्रथिन आहे. अठ्ठावीस अंशांच्या वर ते टिकत नाही, सुटल्या सुटल्या मोडून जातं. बरण्यांत मारक होतं, पण उकाड्यात त्याचं विष साठत नव्हतं. थंडीत ते मोडत नाही. पेटीत पंधरा दिवस थेंबे थेंबे तळं साचत गेलं. प्रयोगशाळांतले नमुनेही असेच गेले होते.

"म्हणजे तुमची झाकणं नव्हती, काका. उकाडा होता. आपण ते गार केलं."

विलासरावांनी पेटीकडे पाहिलं. शीतवेटोळ्याला त्यांनी दोन महिने दिले होते. आता उबवलं तर, असं त्यांनी विचारलं. मेलेलं उबवून उठत नाही, एवढंच ठोंबरे म्हणाले. कारखान्याच्या माणसानं रिकामी बाटली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

मग विलासराव व्हरांड्यात आले आणि त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. आयुष्यभर त्यांनी लबाड माणसाचा तिटकारा केला होता. आज त्यांना दहांत एक लबाड हवा होता. कुणी चोरून वाटीभर मागे ठेवलं असेल, बरणी न धुता तशीच माळ्यावर टाकली असेल, तरी चाललं असतं. प्रत्येकाला त्यांनी हेच विचारलं, मी रागावणार नाही, खरं सांग.

इंगळ्यांना वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत हीच किंमत का, म्हणाले. सरोद्यांनी मुलांची शपथ घेतली. अन्वर तडवी 'थांबा, बाहेर येतो' म्हणाले तेव्हा विलासरावांनी फोन कानाला घट्ट लावला.

"नाही ठेवलं, भाऊ," अन्वर शेवटी म्हणाले. "मनात आलं होतं. पण वहिनींचं काम, त्यात बेइमानी नको म्हटलं. बरणी उकळून ठेवली मी."

दहाही जण प्रामाणिक निघाले. स्वतःची बरणी विलासरावांनी स्वतः उकळत्या पाण्यानं धुतली होती.

अकरावा फोन त्यांनी घरी लावला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही. गावात फोन फिरले होते.

"मेलं का सगळं?" हेमलताबाईंनी विचारलं.

"हो. माझ्यामुळे मेलं. मी ते गार केलं, हेमा."



"जेवले का तुम्ही?"

"नाही."

"मग तिथं काय करू राहिले? दुपारच्या गाडीनं निघा. आपल्याकडं चारच महिने आहेत. त्यातला एक दिवस पुण्यात कशाला घालवता?"