चोरटा पाहुणा

आमची पहिली भेट म्हणजे मी अंधारात त्याच्या पायावर पाय दिला. तोही टाचेच्या चपलेनं! आणि तो… 'ओय' नाही, 'आई गं' नाही, साधं 'अहो'सुद्धा नाही. नुसता पाय मागे घेतला आणि हातानंच 'असू दे' केलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पाय चेंगरला तरी जो तोंड उघडत नाही, तो नक्की काहीतरी लपवतोय.

मी तारांगणात निवेदिका आहे. घुमट काळा झाला, वर तारे उमटले, की माईक हातात घ्यायचा आणि त्यांची लोकांशी ओळख करून द्यायची. हे सप्तर्षी. आपण यांत ऋषी बघितले, कुणी अस्वल बघितलं, कुणी नांगर, आणि वाळवंटातल्या लोकांनी तर चक्क तिरडी बघितली, मागून चालणाऱ्या तीन मुलींसकट. या कृत्तिका. कुणाच्या सात बहिणी, तर कुणाच्या अंगणातली कोंबडी नि तिची पिल्लं. तारे तेच, गोष्ट मात्र ज्याच्या त्याच्या घरची. हे सांगताना मला जे सुख होतं, ते मला दुसऱ्या कशात होत नाही.

आणि नेमकं त्यावरच साहेबांची नजर गेली. "आता निवेदन रेकॉर्ड करून घेऊ," ते एका सकाळी म्हणाले. "रोज उगाच घसा कशाला ताणायचा?"

माझ्या घशाची इतकी काळजी त्यांना याआधी कधी वाटली नव्हती. रेकॉर्डिंग झालं की मी घरी, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. आणि त्याच आठवड्यात हा पायवाला माणूस रोज दुपारच्या खेळाला यायला लागला. शेवटची रांग, कडेची खुर्ची.

"काहीतरी पाणी मुरतंय गं," तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या. "बोलत म्हणून नाही. एक बोट वर करतो, मी एक तिकीट देते." आम्ही त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं.

मी पाळत ठेवली. माझ्या टेबलावरच्या बारीक दिव्यात शेवटची रांग बरी दिसते. मी "आता मान मागे टाका" म्हणाले, की त्याचे ओठ हलायचे. माझी वाक्यं पाठ करत होता! आणि बघायचा कुठे, तर माझ्याकडे. डोळे छान होते, खोटं कशाला बोलू… पण आकाश सोडून निवेदिकेकडे बघणारा माणूस एक तर हेर असतो, नाहीतर… नाहीतरचा विचार मी करत नव्हते.

एकदा खेळात मला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्या! मी आधी त्यांची मुदत तपासली, मग वेष्टन, मग एक मावशींना खायला दिली. संध्याकाळपर्यंत मावशी ठणठणीत होत्या, तेव्हा कुठे मी एक तोंडात टाकली.

"तुझं लग्न ठरलं ना," आई म्हणाली, "तर बोहल्यावर नवऱ्याचं ओळखपत्र मागशील."

मग मी सापळा लावला. आमच्या घुमटाला पूर्वेकडे एक भोक आहे. मागच्या छप्पर घातलेल्या, भरदिवसाही अंधाऱ्या बोळातल्या दिव्याचा उजेड त्यातून आत येतो आणि हुबेहूब तारा दिसतो. मी त्याच्यावर हातातल्या दिव्याचा उजेडाचा बाण रोखला आणि मनानंच एक गोष्ट रचली.

"याला एका दूरच्या बेटावर म्हणतात चोरटा पाहुणा. रोज येतो, कोपऱ्यात बसतो, अवाक्षर बोलत नाही… आणि एक दिवस घरातलं सगळं घेऊन जातो."

मौनीबाबा खुर्चीत ताठ झाला. हा पाहुणा रेकॉर्डिंगमध्ये सापडला, की चोर रंगेहाथ!

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी आम्हाला रेकॉर्डिंग ऐकायला बोलावलं. दिवे गेले.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे."

मी जागीच उडाले. हा आवाज अख्ख्या गावाला माहीत आहे! फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणतो तो, लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणतो तो. या आवाजाशी मी किती वेळा भांडले असेन! आणि दारापाशी मान खाली घालून उभा होता मौनीबाबा.

"मोबाइल बंद ठेवा. अंधारात जागा सोडू नका. आणि आता… मान मागे टाका."

माझं वाक्य! मी दात आवळले. पण पुढे काहीच आलं नाही. नुसते तारे आणि शांतता.

"पुढचं कुठाय?" साहेब म्हणाले.

"पुढचं मला जमलं नाही, साहेब," तो म्हणाला. "शाळेची मुलं आली की या कोंबडी सांगतात, म्हातारं जोडपं आलं की वसिष्ठ-अरुंधती. मी एकच रेकॉर्ड करून काय करू? मी दरवाजे बंद करणारा माणूस आहे. गोष्टी त्यांनाच सांगू द्या."

साहेब बराच वेळ कुरकुरले. शेवटी म्हणाले, "बरं. सूचना तुमच्या, गोष्टी हिच्या."

मी त्याला बोळात गाठलं. "म्हणजे माझी नोकरी खायलाच आला होतात!"

"आलो होतो."

"आणि तोंड का शिवलं होतं?"

"आवाज ओळखला असतात. लोक वैतागतात हो माझ्यावर. परवा भाजीवाली म्हणाली, 'तासभर रांगेत ठेवलंत मला, आता तुम्ही थांबा.'"

मला हसू येत होतं. मी ते आवरलं. "आणि चोरटा पाहुणा? तो का नाही चोरलात?"

त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. बोळातला दिवा गेला. "असा गायब होतो तो," अंधारात तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं. तरी यायचो… गोष्टीत मी होतो ना."

माझे कान तापले. बरं झालं, दिवा बंद होता.

"मग माझ्याकडे का बघायचात?"

अंधारात त्याच्या चपला नुसत्या सरकल्या.

"आता का गप्प?"

"या वाक्याचा सराव नाही केलेला…" तो आवाज, सगळ्या गावाला थांबवणारा, चक्क कापत होता. "तुम्ही मला आवडता."

"आपण रांगेत आहात," मी म्हणाले.

"रांगेत… आणखी कोण आहे?"

आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. मी उत्तर न देता दिवा लावला आणि आत गेले.

दुपारी खेळ भरला होता. मी घुमटातल्या भोकावर बाण रोखला. "हा तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, बाहेरच्या आकाशातही नाही. हा फक्त आमच्या घुमटातला, चोरटा पाहुणा. मी त्याच्याबद्दल चुकीचं सांगत होते. तो काही नेत नाही. कुणीतरी 'बसा' म्हणावं म्हणून येतो."

मग मी माईक ठेवला, अंधारात शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि टाचेच्या चपलेनं, अगदी नेम धरून, त्याच्या पायावर पाय दिला.

"आई गं!" तो आवाज सगळ्या घुमटात घुमला.

माझी खात्री पटली, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले.