खोली रिकामी आहे

वरच्या न्हाणीघराची फरशी उखडायची होती आणि खाली भाडेकरू राहत होते, एवढंच काय ते दुखणं. करार संपायला बराच अवकाश होता, त्यामुळे त्यांना जा म्हणता येत नव्हतं. आणि खालच्या छताला आलेला फुगवटा काही थांबायला तयार नव्हता. मालकीणबाईंच्या जिवाला घोर लागला होता. खाली तान्हं मूल, उद्या त्याच्या अंगावर पोपडा पडला तर?

शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. घण घालण्याआधी तो वरून फरशी ठोकणार. खालच्यांनी ती खोली सोडायची आणि बाहेरून झाडूच्या दांड्याने भिंतीवर टकटक करायची. टकटक आली की खोली रिकामी, खुशाल तोडा.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. त्या दुपारीही मिस्त्रीने ठोकलं, खालून लगेच टकटक आली.

"हं, घाला," बाई म्हणाल्या.

घण बसला आणि छताचा भलामोठा तुकडा धाडकन खाली गेला. बाई दोन पावलं मागे सरल्या. पण टकटक तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

आवाज ऐकून भाडेकरू जिना चढून आला. नुकताच कामावरून परतला होता, पिशवी अजून खांद्यालाच.

"काकू, आज कुणाला विचारून तोडलंत? ही बाळाला घेऊन सकाळीच आईकडे गेली. घराला कुलूप आहे..."

"अरे, मग टकटक कुणी केली?"

"मीपण ऐकली, बाई..." मिस्त्री पुटपुटला.

कुलूप काढलं. आत धुरळा आणि ओल्या चुन्याचा वास. तिघांनी मिळून ढेकळं बाजूला केली. खाली कुणी नव्हतं. बाईंच्या जिवात जीव आला, तोच मिस्त्रीचा हात थबकला.

ढिगाऱ्याखालची एवढीच फरशी लख्ख होती. धुळीचा कण नाही. कुशीवर निजलेल्या बाईएवढी जागा, आणि तिच्या पोटाशी आणखी एक, वीतभर. बाईंनी हात लावून पाहिला. फरशी कोमट होती.

"काहीतरी आडवं पडलं असेल..." त्या म्हणाल्या. काय, ते त्यांनाही सांगता येईना.

भाडेकरूने बायकोला फोन लावला.

"अहो, आम्ही अगदी मजेत आहोत," ती म्हणाली. "दोघंही आत्ताच झोपून उठलो. बाळ तेवढं सारखं खोकतंय... आणि याच्या केसांत ही पांढरी भुकटी कुठून आली हो?"