खाट सातजवळचं स्टूल

विषय : आकस्मिक विभागातील खाट क्रमांक सातजवळचे लोखंडी स्टूल तेथून हलवण्याबाबत.
संदर्भ : समाजसेवा अधीक्षक श्रीमती गीतांजली यांचा अर्ज.

स्टूल हलवायला अर्ज कशाला लागतो, असा प्रश्न ज्याला पडेल त्यानं सरकारी नोकरी केलेली नाही. मी केली, याच दवाखान्यात, आवक-जावकच्या टेबलावर. दवाखान्याचं नाव सांगत नाही. निवृत्त माणसाकडूनही खुलासा मागवता येतो. बडनेऱ्याला गाडीतून उतरलेली, घर विसरलेली माणसं आमच्याकडे आणतात, एवढं पुरे.

नोव्हेंबरात मी तिथे गेलो तो हयातीच्या दाखल्यासाठी. बँकेच्या यंत्रानं माझा अंगठा ओळखला नाही, तेव्हा मी जिवंत असल्याची सही मोठ्या साहेबांकडून आणायची होती. साहेब राउंडला होते. म्हणून आकस्मिक विभागात गीतांजलीपाशी जाऊन बसलो. तिथले पेशंट म्हणजे कोणी विष घेतलेलं, कोणी स्वतःशीच बोलणारं, कोणी गप्प झालेलं. डॉक्टरांनी सुई टोचली की पुढचं सारं तिच्याकडे. त्यांना बोलतं करायचं, गाव काढायचं, घरच्यांना बोलवायचं.

शिपाई नत्थुजी मला पाहून हसला. "बाबूजी, जित्तं असल्याचा दाखला मागून राहिले? चेहरा पाहून तं साहेब देत नसतेत."

"तुझा चेहरा पाहून तुला पगार देतात ना? मग मलाही देतील."

सातव्या खाटेवर एक मुलगी बसली होती. नाव आचल, तेल्हाऱ्याकडची. डोक्यात आवाज येतात म्हणून घरातून अनवाणी निघाली आणि बडनेऱ्याच्या फलाटावर सापडली. गीतांजलीनं दिवसभर बोलून भावाचा नंबर काढला होता. तो बसनं निघाला होता.

"काका, तो येईपर्यंत स्टुलावर बसता का? ते रिकामं ठेवायचं नाही."

हे स्टूल म्हणजे तिनंच घालून दिलेली पद्धत. पूर्वी असा पेशंट एकटा असला की उठून जाऊ नये म्हणून मनगट पट्टीनं खाटेला बांधत. मेळघाटातली, धारणीकडची पार्बताबाई याच खाटेला अशी बांधलेली होती. मुलगा फोनवर रोज 'उद्या येतो' म्हणे. कापसाचे दिवस, त्याचा उद्या काही उजाडला नाही. म्हातारी खाटेवरच गेली. पट्टी खाटेकडून कापली, पण मनगटावरची गाठ काही सुटेना, म्हणून तशीच ठेवून तिला नेली. त्या दिवसापासून गीतांजलीनं नियम केला. स्टुलावर माणूस बसवायचा, पट्टी बांधायची नाही.

"पण दिवाळीआधी याच खाटेवरून एक बाई नाहीशी झाली," ती हळूच म्हणाली. "मी पाच मिनिटं फोनवर होते, स्टूल रिकामं होतं. रुग्णवाहिकेच्या फाटकावरचा पहारेकरी गजेंद्र म्हणतो, तिची मावशी घेऊन गेली. तिला कोणी नातेवाईकच नव्हतं, काका. कोणीतरी बाई मावशी बनून येते आणि नेते. पोलिसांत दिलंय."

मी जाऊन स्टुलावर टेकलो. लोखंड गरम लागलं, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

बाहेर दिवेलागण झाली होती. आत ट्यूबलाइट एकदा विझून लागली. फिनाईलच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, गोड, जड. ओळखायला वेळ लागला. मोहाच्या फुलांचा. नोव्हेंबरात मोह कुठला…

मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून, जरा वर पाहत होती.

"आजोबा… उठा नं."

"काहून, बाई?"

"तुमी त्यायच्या मांडीवर बसले."

मी उठलो. विचार करून नाही, शरीरच उठलं. स्टूल रिकामं होतं. शेजारच्या खाटेवरचं सलाईन थेंब थेंब पडत होतं, तेवढाच आवाज.

"कोणाच्या मांडीवर?"

"मावशीच्या. सकाळपासून बसल्या हायेत. मले म्हनते, तुयासाठी कोनी येत नाई… चाल, मी नेतो."

"तुझा भाऊ येतोय. कुठं जायचं नाही. समजलं?"

तिनं मान हलवली. मी गीतांजलीला हाक मारली. ती धावत आली, आचलचा हात धरून खाटेवर बसली. तेवढ्यात फोन वाजला. भाऊ मोठ्या फाटकाशी पोचला होता आणि पासशिवाय त्याला आत सोडत नव्हते. पास माझ्या हातात देत गीतांजली म्हणाली, "काका, तुम्हीच आणा त्याला. मी हिला सोडत नाही."

कुलदीप, विशीतला पोरगा, अंगावर शेतातलेच कपडे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत लेडीज चपला. "बिनाचपलेची गेली होती जी," म्हणाला. "बरी हाय नं?"

"बरी आहे. बोलते."

आम्ही पोचलो तेव्हा गीतांजली खाटेवर तशीच बसली होती, मूठ घट्ट आवळून. मुठीत पांढऱ्या पट्टीचं टोक होतं. आचल नव्हती.

"मी सोडलं नाही, काका…" ती म्हणत राहिली. "दिवा विझला नि लागला. मी हात सोडलाच नाही."

आम्ही रुग्णवाहिकेच्या फाटकाकडे धावलो. तिथे गजेंद्र चहा पीत होता.

"पोरगी ना? आत्ताच गेली की. एकटी असती तं सोडली नसती साहेब, नियम हाय. नातेवाईक होती संग."

"कोण नातेवाईक?"

"म्हातारी होती एक. मनगटाले पट्टी बांधली होती. मी म्हनलं, आजी, गाठ सोडून देऊ का? तं म्हने, राहू दे बापू, सवय झाली."

मागून धावत आलेल्या नत्थुजीनं स्वतःचं मनगट धरलं. कुलदीप एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

सारी रात्र शोधलं, पुढेही शोधलं. पोलिसांत आता दोन तक्रारी आहेत. कुलदीप दर बाजाराच्या दिवशी येतो. चपला त्यानं परत नेल्या नाहीत. त्या गीतांजलीच्या कपाटात आहेत.

माझा दाखला मिळाला. मी हयात आहे.

स्टूल हलवण्याचा अर्ज गीतांजलीनं दुसऱ्याच दिवशी दिला. स्टूल मोडलेलं नसल्यानं भांडारात परत घेता येत नाही, असं आधी कळवलं गेलं. मग पाहणीचं ठरलं. भांडारपाल प्रीतम अकोल्याहून नुकताच बदलून आलेला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सरळ माणूस, जे दिसलं ते लिहिलं. शेरा असा :

'खाट क्र. ७ रिकामी. पाहणीच्या वेळी स्टुलावर एक वृद्ध महिला नातेवाईक बसलेली असून शेजारी एक तरुण मुलगी अनवाणी उभी होती. उठण्यास सांगितले असता, कोणीतरी यायचे आहे, असे सांगितले. सबब स्टूल ताब्यात घेता आले नाही.'

अर्ज प्रलंबित आहे.