सॅम्पल फ्लॅटमधलं गाऱ्हाणं

दत्तारामांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या, तेव्हाच रुचिराला कसंतरी झालं. मुलुंडच्या त्या अर्धवट टॉवरमधला सॅम्पल फ्लॅट बघायला आलेले बाकीचे सगळे बुटांसकट फिरत होते.

"बाबा, चपला घाला ना..." ती पुटपुटली.

"घरात कशे घालू गो?"

घर? ते कुणाचंच घर नव्हतं. नुसतं दाखवण्यापुरतं. खोली मोठी वाटावी म्हणून पलंगसुद्धा आखूड केलेला. रुचिराचा खरा फ्लॅट वर कुठेतरी नुसत्या विटांत उभा होता. पण दत्तारामांना हे सांगायच्या आतच त्यांनी पिशवीतून नारळ काढला, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं—

"बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवाक ह्या घर लाभांदे रे म्हाराजा..."

सेल्सची मुलगी बोलता बोलता थांबली. सोफ्यावरचं जोडपं वळून बघायला लागलं. गाऱ्हाण्याला होकार द्यावा लागतो. गावी सगळं अंगण एका सुरात देतं. दत्ताराम वाट बघत होते. रुचिराने मान खाली घातली. तिचे ओठ हललेच नाहीत.

"होय म्हाराजा!"

आवाज मागून आला. स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून एक तरुण उभा होता. हात जोडलेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. दत्तारामांनी गाऱ्हाणं पुरं केलं. त्याने प्रत्येक वेळी होकार दिला.

नंतर तो तिच्याजवळ आला. "मी सुयोग. चेंबूरचा. किती वर्षांनी ऐकलं यार! माझे आजोबा असंच घालायचे." मग बाल्कनीकडे बोट दाखवून हसला. "ती माझी आई. घर तिच्या जिवावर घेतोय. माझ्या एकट्याच्या पगारात नुसती बाल्कनी आली असती. आणि हे... तुमचे बाबा?"

सेल्सची मुलगी अजून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"नाही..." रुचिरा म्हणाली. "गावचे काका आहेत. ओळखीचे."

सुयोगची नजर तिच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली. "असं होय," एवढंच तो म्हणाला. मागे दत्ताराम नारळ पिशवीत ठेवत होते. अगदी सावकाश.

त्यांनी ऐकलं का? परतताना ते रिक्षात फक्त म्हणाले, "खिडकेतसून डोंगर दिसता. बरा आसा."

या घरासाठी ते जोगेश्वरीची खोली विकणार होते. रुचिरा तिथेच जन्मली होती. 'आमका म्हाताऱ्यांका आता गावच बरा,' असं ते हसत हसत म्हणत, आणि आई गोधड्या बांधायला घेई.

बांधकाम बघायला रविवारी सोडत. रुचिरा जाऊ लागली. सुयोग असायचाच. मग समोरच्या टपरीवर चहा... बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"तुझी खिडकी माझ्या खिडकीसमोर येते," तो म्हणाला.

"पडदा लावेन."

"लाव ना. पण पातळ लाव."

"आगाऊ आहेस!"

ती हसायची, आणि तो हळूच विचारायचा, "काका कसे आहेत?" मग तिचा चहा कडू व्हायचा. बरे आहेत, म्हणून ती डोंगराकडे बघत बसायची. आज सांगू... पुढच्या रविवारी सांगू... जितका तो आवडत गेला, तितकं ते खोटं जड होत गेलं.

उन्हाळ्यात चावी मिळायची वेळ आली.

"बाबा, उद्या नऊला निघू," ती म्हणाली.

दत्ताराम गोधड्यांच्या बोचक्याच्या दोरीला गाठ मारत होते. वर न बघता, अगदी सहज म्हणाले, "तू जा बाय. थय गावच्या काकाचा काय काम?"

रुचिराच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. ती बाहेर कठड्यापाशी आली आणि तिने सुयोगला फोन लावला.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "काका नाहीत. मला लाज वाटली त्यांची... त्यांच्याच पैशाचं घर बघत होते मी, आणि..."



"माहितेय मला," सुयोग म्हणाला. "'माझ्या चेडवाक' म्हणाले होते ना ते, माझ्या मुलीला म्हणून. मी होय म्हटलं ते काय उगाच?"

"मग बोलला का नाहीस रे?"

"दर रविवारी विचारत होतो की. काका कसे आहेत म्हणून."

"आणि मी कधीच सांगितलं नसतं तर?"

"तर... चहा पीत राहिलो असतो. त्याच्या पुढे नसतो आलो, रुचिरा."

ती आत गेली. वडिलांसमोर खाली बसली आणि त्यांच्या हातातली दोरी धरली. "बाबा, मला गाऱ्हाणं येत नाही. तुम्ही नाही आलात तर मी कुलूप उघडणार नाही."  दत्तारामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "नारळ नवो व्हयो. तो जुनो तुझ्या आवशीन कधीच आमटीत घातल्यान."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये ते मधोमध उभे राहिले. दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या. शेजारी रुचिराच्या. जरा अंतरावर सुयोगचे बूट.

"बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवाचा ह्या घर सुखाचा होवंदे रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" रुचिराचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. समोरचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं. डोकावू दे.

दत्तारामांनी श्वास घेतला. "आणि तिका मनासारखो घोव गावांदे रे म्हाराजा..."

नवऱ्याचा विषय निघताच सुयोग होकार द्यायचा सोडून चष्मा पुसायला लागला.

रुचिराने त्याच्याकडे बघितलं. कान तापले, पण मान खाली गेली नाही. "होय म्हाराजा," ती म्हणाली.

दत्तारामांनी एक डोळा उघडला. "तुका नाय गो. ह्याका इचारतंय."