ब्रुनोच्या नावावरची धाव

आमच्या दक्षिण शिकागोत म्हाताऱ्यांची बोटं बघून कोण सॉफ्टबॉल खेळलंय ते कळतं. बाकीची अमेरिका हातमोजे घालून खेळते. आमचा चेंडू सोळा इंच घेराचा, सोललेल्या नारळाएवढा, आणि तो उघड्या हातांनीच झेलायचा. माझी तीन बोटं वाकडी आहेत, थोरल्या भावाची, ब्रुनोची, पाच. पोलादाचा कारखाना बंद पडला, चर्चची शाळा गेली, कोपऱ्यावरचे बार एकेक करून मिटले. रविवार दुपारचा खेळ तेवढा उरला, आणि तोही आता आम्ही सवयीनेच खेळत होतो.

मी कॅझ वोयतास, वय एकाहत्तर. कारखान्यात पत्र्यांची जाडी मोजायचो. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. गुडघे गेल्यापासून मी बाकावर बसून संघाच्या धावांची वही लिहितो.

मार्चमध्ये ब्रुनोला हृदयविकाराचा झटका आला. चाला, पण धावायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दोन महिने तो खिडकीशी बसून राहिला. शेवटी त्याची बायको लोरेन फोनवर म्हणाली, "कॅझ, हा आजाराने नाही, बसून बसून मरेल. काहीही कर, पण याला मैदानावर घेऊन जा."

मलाही तेच दिसत होतं. ब्रुनोशिवाय माझं कोणी नाही.

मग मला भूत आठवलं. लहानपणी गल्लीत आम्ही चारच पोरं असायचो. फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचलेल्याला पुन्हा बॅट धरायला यावं लागायचं, म्हणून त्याच्या जागी बेसवर भूत ठेवायचं. दिसत नाही, पण उभं आहे असं सगळ्यांनी मानायचं. पुढचा फटका मारून जेवढे बेस गाठील तेवढे भूत पुढे सरकणार. मी समोरच्या संघांना विचारलं, ब्रुनो नुसता फटका मारील, धावायला भूत, चालेल का? सगळे हसले आणि हो म्हणाले.

"पण लिहू कुणाच्या नावावर?" मी विचारलं.

"माझ्या!" ब्रुनो म्हणाला. "फटका माझा, तर धावही माझी. भुताला कसली आलीय नावाची हौस?"

पहिल्या रविवारी त्याने झकास फटका मारला. "पहिल्यावर भूत!" सगळे ओरडले. पुढचे तिघे बाद झाले आणि भूत तिथंच राहिलं. डाव संपल्यावर मी पहिल्या बेसजवळून गेलो, तर पांढऱ्या बेसवर बुटाच्या चवड्याचा ताजा ठसा. असेल कुणाचातरी, असं म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या रविवारी समोरच्या संघाचा साल्दान्या पहिला बेस राखत होता. जाडजूड, सगळ्यांची टिंगल करणारा गडी. डाव संपल्यावर तो माझ्याकडे आला.

"कॅझ, तुमच्या त्या पहिल्यावरच्या पठ्ठ्याला सांग, कांदा खाऊन येत जाऊ नकोस म्हणावं. कानाशी येऊन श्वास सोडतो."

आम्ही हसलो. साल्दान्या हसला नाही. पन्नास वर्षं ब्रुनो खेळाआधी सॉसेजबरोबर अख्खा कच्चा कांदा खात आलाय. त्या दिवशी त्याने सॉसेज तसंच ठेवलं होतं. म्हणाला, चवच लागत नाही.

जूनमध्ये मी त्याला तपासणीला नेलं. तीन आठवड्यांत वजन बावीस पौंडांनी उतरलं होतं. डॉक्टर खूश. परतताना आम्ही नेहमीच्या खानावळीत बसलो, तर पोरीने एकच कॉफी आणली.

"आज एकटेच का, मिस्टर वोयतास?"

ब्रुनो माझ्यासमोर बसला होता. मी दुसरी कॉफी मागितली. तिने ती मधोमध ठेवली.

"बरं वाटतंय रे," ब्रुनो म्हणाला. "कुठंच काही दुखत नाही."

या माणसाचं रोज काहीतरी दुखायचं. मला भीती वाटली, हे मी कबूल करतो.

"आता पुरे झालं, ब्रुनो. बंद करू हे."

"एकदाही घरी नाही पोचलो मी, कॅझ." जिथून फटका मारायचा आणि तिन्ही बेस फिरून जिथं परत यायचं, त्या जागेला आमच्यात घर म्हणतात. तिथं पाय लागला तरच धाव. "एक धाव होऊ दे. मग थांबतो, तुझी शपथ."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी दमलो होतो, आणि तो इतक्या आशेने माझ्याकडे बघत होता.

जूनचा शेवटचा रविवार. ऊन रखरखीत, समोर पुन्हा साल्दान्याचा संघ. ब्रुनोने उजवीकडे फटका मारला आणि येऊन बाकावर बसला. फळी जराही वाकली नाही.

पहिल्यावर भूत. मी वहीत ब्रुनोच्या चौकोनात पेन्सिलने पहिली रेघ ओढली, एका बेसची एक.

पुढच्याचा फटका. साल्दान्या बाजूला सरकला, वाट दिल्यासारखा. दुसरी रेघ.

तिसरी.

मग चेंडू डाव्या कुंपणापर्यंत गेला. तिसऱ्या बेसपासून घरापर्यंत धूळ उठत आली. वारा नव्हता.

पंच वाकला आणि त्याने दोन्ही हात फाकले, बाद नाही अशी खूण. "सेफ!"

आमची माणसं धावत गेली. पाठी थोपटल्याचे आवाज आले. "शाब्बास, ब्रुनो!" कुणीतरी ओरडलं.

ब्रुनो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्याकडे कुणी आलं नाही.

मी चौथी रेघ ओढली. ब्रुनोच्या नावापुढचा चौकोन काळा केला. हात थांबलाच नाही.

मी त्याला गाडीत घालून घरी नेलं. संपलं एकदाचं, असं मी स्वतःला सांगत होतो. पाच वाजता त्याच्या घराच्या पायऱ्या चढून मी घंटी वाजवली. आत शॉवरचा आवाज येत होता.

लोरेनने जाळीचं दार उघडलं. गाल लाल झालेले, कितीतरी महिन्यांनी हसत होती.

"कॅझ! काही विसरला का तो?"

"कोण?"

"कोण म्हणजे? ब्रुनो. मैदानापासून पळत आला म्हणे, वेडा कुठला! आल्या आल्या जेवायला मागितलं. आता अंघोळ करतोय."

"लोरेन," शेजारून ब्रुनो म्हणाला.

तिने माझ्याकडेच बघितलं. "किती दमलेला दिसतोयस रे. असा एकटा का उभा दारात?"

पाणी बंद झालं. आतून माझ्या भावाचा आवाज आला, आजारपणाच्या आधीचा, खणखणीत. "कॅझ आलाय का गं? बोलाव की त्याला आत! माझी धाव मांडली का विचार त्याला!"

ब्रुनोने माझ्या बाहीला हात घातला. मला तो जेमतेम जाणवला.

"कॅझ," तो म्हणाला. "सांग ना तिला."

मी आत गेलो, आणि जाळीचं दार मागून मीच ओढून घेतलं.