एक फ्रेम आपल्या मर्जीची

बस त्या स्टुलावर. पाय जरा जपून, खाली ट्रे आहेत. दार मी आतून लावलंय, घाबरू नकोस. डार्करूमचं दार लावावंच लागतं, नाहीतर कागद वाया जातात. उजेड काय तो या लाल दिव्याचा. थोड्या वेळाने डोळे सरावतील.

तुझा होणारा नवरा बाहेर गाडीत बसलाय ना? बसू दे. माझ्या फोटो धुण्याच्या औषधांच्या वासाने त्याला खोकला येतो म्हणे. भर दुपारचं ऊन आहे, शिजू दे जरा. फिल्म धुवून टांगलीय, ती वाळली की तुझ्यासमोरच फोटो उमटवते. तोवर एक गोष्ट ऐक. पुढच्या महिन्यात तुझं त्याच्याशी लग्न आहे, आणि ते होऊ नये असं मला वाटतं. आधीच सांगून टाकलं. मला आडपडदा जमत नाही. गावात मला फोटोबाई म्हणतात, आणि पाठीमागे फटकळ म्हणतात. दोन्ही खरं आहे.

मघाशी फोटो काढताना तो काय म्हणाला, ऐकलंस ना? ‘बाई, लाल काच लावा. हिची कांती उजळ येईल.’ तुला वाटलं असेल, किती हौशी माणूस! चष्म्यांचं दुकान आहे, काचांतलं कळतं त्याला. कळतं गं, चांगलंच कळतं. तीच तर बोंब आहे.

हे बघ, काळ्या-पांढऱ्या फिल्मला रंग समजत नाहीत, फक्त उजेड समजतो. म्हणून भिंगापुढे रंगीत काच लावायची. लाल काच लावली की जे जे लाल असेल ते पांढरं पडून नाहीसं होतं. मुरुमं, डाग, वळ, काही म्हणता काही उरत नाही. हिरवी लावली की नेमकं उलटं. डोळ्यांना जेमतेम गुलाबी दिसणारी गोष्टही काळी होऊन वर येते. आत्ताच बघ ना, या लाल दिव्याखाली तुझे ओठ दिसतायत का? मघाशी केवढी गडद लाली होती. आरशात बघ हवं तर. तोंडाच्या जागी नुसती फट.

हा स्टुडिओ मूळ माझ्या मामाचा. मामाचा एक शिरस्ता होता. एक फ्रेम गिऱ्हाइकाच्या मर्जीची, एक आपल्या मर्जीची. पहिली द्यायची, दुसरी ठेवायची. आणि आपल्या मर्जीची म्हणजे हिरव्या काचेतून. ‘हिरवी काच तोंडदेखलं बोलत नाही,’ म्हणायचा. मला हसू यायचं. लग्न केलं नव्हतं त्याने, बिचारा काचांशीच बोलायचा. पण शिरस्ता मी मोडला नाही. आजही नाही मोडला.

तर, काही वर्षांपूर्वी एका सकाळी या तुझ्या चष्मेवाल्याचं बोलावणं आलं. पहिली बायको झोपेत गेली, शेवटचा फोटो काढायचाय. असली कामं मी पुष्कळ केलीत, त्याचं काही वाटत नाही. कॅमेरा घेतला, तिकाटणं खांद्यावर टाकलं आणि गेले. दुकान बंद होतं, आतून जिना. जिन्याशी भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक बारीक होत जाणारी. कपाटात ओळीने रिकामे चष्मे. वर चढताना ते सगळे पाठीशी बघतायत असं उगाच वाटत राहिलं.

खोलीत पडदे ओढलेले. थोरली पलंगावर होती… हो, मी तिला थोरली म्हणते, कारण पुढे धाकटी यायचीय गोष्टीत. तर थोरली निजलेली, आणि तोंडावर पावडर ही एवढी! जिवंतपणी त्या बाईने कधी बोटभर पावडर लावली नसेल. दिवसभर दुकानात बसून काचा पुसायची. बोटांना कायम स्पिरिटचा वास. त्या खोलीतसुद्धा तोच वास होता, नुकतीच बाटली उघडल्यासारखा.

आणि या माणसाने माझ्या पेटीतून स्वतःच्या हाताने लाल काच काढून दिली. ‘हीच लावा, बाई. तिला आवडलं असतं.’ माझं डोकंच फिरलं. मी काय याला चष्म्याचा नंबर सांगायला जाते? पण घरात मढं होतं. लाल काच लावून त्याच्या मर्जीची फ्रेम काढली. तेवढ्यात खाली माणसं आली, तो जिना उतरला. मी हिरवी लावली.

हिरव्या काचेला उजेड जास्त लागतो. खोलीत अंधार, म्हणून शटर उघडं धरून मनात आकडे मोजत उभी होते. सगळं शांत. खालचं बोलणंही एकदम थांबल्यासारखं झालं. स्पिरिटचा वास दाटत दाटत नाकात झोंबायला लागला… आणि माझ्या मनगटाला काहीतरी शिवलं. गार. धरावं की नाही असं वाटून कुणी बोटं मागे घ्यावीत, तसं. मी म्हटलं पडदा असेल. मग बघितलं, तर पडदा त्या बाजूला नव्हताच.

घरी आले, इथेच या ट्रेमध्ये दोन्ही फोटो उमटवले. लाल काचेतला आला कसा, एखाद्या देवीसारखा. शांत, गोरीपान. मग हिरव्यातला उमटायला लागला. कपाळ आलं, भुवया आल्या… आणि गालांवर काळं काही चढायला लागलं. एका गालावर चार बोटं. दुसऱ्या गालावर अंगठा. मोठा, रुंद पंजा, तोंडावर दाबून धरलेला. पावडरीखाली झाकलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! तो ओला फोटो तसाच घेऊन मी डॉक्टरकडे धावले. त्याने सकाळीच ‘हृदय बंद पडलं’ म्हणून सही ठोकली होती. फोटो लांब धरला आणि म्हणाला, ‘अहो फोटोबाई, सावली असेल.’ सावलीला बोटं असतात का रे, बाबा? तिथून चौकीत गेले. फौजदार म्हणाला, ‘डोळ्यांना दिसत नाही आणि काचेतून दिसतं? मग गुन्हा काचेवर नोंदवू का?’ आणि हसला. हसला गं तो! एक बाई जिवानिशी गेली होती आणि त्याला विनोद सुचत होता. मी त्या घरी परत गेले तोवर तर दहनही उरकलं होतं. तिच्या आईला फोटो दाखवला, तर आईने कानांवर हात ठेवले. ‘आपलेच दात, आपलेच ओठ. आता बोलून ती परत येणारे का?’ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळं गाव मूग गिळून बसलं आणि हा सहानुभूती गोळा करत हिंडला.

पाणी देऊ का तुला? नको? बरं.

वर्ष सरलं आणि काय कानावर यावं? थोरलीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी याचं लग्न ठरलं. ‘घरचीच मुलगी, माहितीतला जावई.’ वा रे वा, माहितीतला! दोघं इथे आले फोटोला. तू बसली होतीस त्याच बाकावर बसले. आणि याची तीच रेकॉर्ड सुरू, ‘लाल काच लावा, बाई.’ लावली. त्याची फ्रेम काढली. मग म्हटलं, ‘चष्म्यावर दिवा चमकतोय, जरा काढता का?’ चष्मा काढला की हा माणूस आंधळी कोशिंबीर खेळतो, आज बघितलंसच तू. त्याच्या नाकासमोर मी हिरवी काच फिरवून बसवली, त्याला पत्ता नाही.

रात्रीची वेळही नव्हती, भर दुपारीच फोटो उमटवत होते. एरवी इथे औषधांचा आंबूस वास असतो. त्या दिवशी एकदम स्पिरिटचा यायला लागला. मी बाटल्या तपासल्या. स्पिरिट मी ठेवतच नाही. आणि ट्रेमध्ये धाकटीचा चेहरा आला, स्वच्छ, एक डाग नाही. मान स्वच्छ. मी म्हटलं, सुटले बाई. मग खाली मांडीवरचे हात उमटले. उजव्या मनगटावर बोटं होती… कुणीतरी घट्ट धरलेलं. पण हा त्याचा पंजा नव्हता. लहान हात. बाईचा. आणि बोटं तीनच, अंगठा धरून चार. करंगळी नव्हती.

‘डोळे मिटलेत तुझे, परत काढावा लागेल,’ अशी थाप मारून धाकटीला एकटीला बोलावलं. आधी तिचं मनगट दिव्याखाली धरून बघितलं. काही नाही, नितळ. मग दोन्ही फोटो पुढे ठेवले, तिचा आणि थोरलीचा. पोरगी रडली नाही. आपल्याच मनगटावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘मावशी… ताई माझा हात नाही धरायची. मनगट धरायची. मी हात सोडवून रस्त्यावर पळायचे ना, म्हणून. आणि तिची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. ती वाकायचीच नाही.’

मी गल्ल्यातून बसचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले.

त्याच दुपारी ती बसने मैत्रिणीकडे गेली, दूर. लग्न मोडलं. नंतर फोनवर म्हणाली, गेले कित्येक दिवस उजवा हात जड जड वाटायचा, आणि गावाची शीव ओलांडली तसं मनगट एकदम हलकं झालं. ‘मावशी, ताईने सोडलं मला,’ म्हणाली, आणि तेव्हा मात्र ढसाढसा रडली. आता शिवणकाम शिकवते तिकडे. मजेत आहे. आणि हा इथे सांगत फिरला, ‘मुलगी डोक्याने अधू निघाली, नशीब आधीच कळलं.’ तुलाही तेच सांगितलंय ना? वाटलंच. चोराच्या उलट्या बोंबा! बरं, लोक मान डोलावतात. ‘किती सोसलं हो चष्मेवाल्यांनी.’ अगं, सोसलं कुणी? मेलं कुणी? संताप संताप होतो माझा.

आणि आता तू. परगावची, ना तुला कुणी माहिती दिली ना तुझ्या घरच्यांनी कुणाला विचारलं. दुकान चालतंय, माणूस गोड बोलतो, झालं. आता मघाशी मी त्याचा चष्मा का उतरवायला लावला, ते आलं ना लक्षात?

थांब, फिल्म वाळली. निगेटिव्हकडे मी मुद्दाम बघितलेलं नाही. कदाचित काहीच नसेल. नसेल तर मी म्हातारी वेडी, तू खुशाल जा आणि लग्न कर. मला नाही कुणाला बळंच अडवायचं. हा कागद ठेवला. आता क्षणभर पांढरा उजेड पडेल… झालं. आता हा कागद या ट्रेमध्ये. मी दोन्ही हातांनी हलवत राहते, तू नीट बघ.

हॉर्न वाजवतोय वाटतं. वाजवू दे.

अगं बाई… वास येतोय का तुला? नाही, हा माझ्या औषधांचा नव्हे.

हे बघ, तुझे केस आले. डोळे आले. ओठ बघ कसे काळेभोर, हिरव्या काचेतले. बाजूला तो… त्याच्याकडे नको बघूस. खाली बघ, मांडीकडे. बोटांतली अंगठी आली. आता मनगट यायला लागेल…

हॉर्न थांबला. स्टुडिओच्या शटरवर थाप पडतेय, ऐकलंस? ‘अहो बाई, झालं की नाही? लाल काचच लावलीत ना?’ बघ, अजून तेच विचारतोय.

अशी उठू नकोस एकदम, बाळ. ट्रे सांडेल. ‘आले’ म्हणून ओरडूही नकोस त्याला. थोडी कळ काढ, मनगट उमटतंय.

काय म्हणालीस? दुखतंय? हात सोडू?

अगं, मी कुठे धरलाय तुझा हात? माझे दोन्ही हात ट्रेमध्ये आहेत.