शीतलवाडीची जास्वंद

क्षणभर असं समजा, की तुमच्या घराला एकही खिडकी नाही. दार आहे, पण ते अंगणात उघडत नाही. शेजारच्या घरात उघडतं. बाहेर हवाच नाही, म्हणून आतली हवा गाळून, धुऊन तीच पुन्हा वापरायची. काल शेजारच्या काकूंनी सोडलेला श्वास आज तुमच्या नाकात. जमलं? मग तुम्ही चंद्राच्या पोटातल्या शीतलवाडीत पोचलात, आणि शलाका घोसाळकर कशाला घाबरत होती हे तुम्हाला नीट कळेल.

शीतलवाडीत मुलाला दहावं वर्ष लागलं की फुलझाडाची एक कुंडी मिळे. माती पृथ्वीवरून यायची, म्हणून मोजकीच. शलाकाला जास्वंद मिळाली होती.

वस्तीतल्या हवेत एकच खोट होती. ती उबदार होती आणि कोरडी होती, आणि नेमकी अशीच हवा लाल कोळ्यांना मानवते. टाचणीच्या टोकाहून लहान हा जीव पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पितो. वरून पानावर फिकट ठिपके दिसतात, मग बारीक जाळी धरते, मग पान गळतं. म्हणून दर शनिवारी प्रत्येक घरात झाडाखाली पांढरा कागद धरून पानं झटकायची रीत होती. कागदावरचे ठिपके चालायला लागले, की ते कोळी. हा झडतीकागद मग दारावर चिकटवायचा. कोरा कागद म्हणजे घराची अब्रू. ठिपके निघाले तर कुंडी भट्टीत, आणि दुसरी कुंडी चार वर्षांनी.

तीन महिन्यांपूर्वी वस्तीभर कोळी झाले, तेव्हा सगळ्याच कुंड्या जाळण्याऐवजी वनस्पतितज्ज्ञ केळुसकरबाईंनी पृथ्वीवरून शिकारी कोळी मागवले. कोळ्यांना खाणारे कोळी. घरोघरी प्रत्येक झाडावर ते सोडले, आणि महिनाभरात सगळ्या दारांवर कोरे कागद झळकले. शलाकाच्या दारावरही. फक्त तिचा कागद झाडाखाली धरलेलाच नव्हता. धरला असता तर त्यावरचे ठिपके अजून चालताना दिसले असते.

जास्वंद तिने मोरीतल्या कपाटात, एका छोट्या सूर्यदिव्याखाली लपवली. दर तीन दिवसांनी ती पानं खालून ओल्या फडक्याने पुसायची. शेंड्याची कोवळी पानं तेवढी सोडायची, कारण तिथे कळी धरली होती आणि धक्का लागून ती गळेल अशी भीती वाटे. कोळी वाढायचे, मग आपोआप कमी व्हायचे, पुन्हा वाढायचे. झाड बरंही होत नव्हतं आणि मरतही नव्हतं.

आणि आज सकाळी वस्तीच्या सामाईक पुष्पदालनातल्या सातशे कुंड्यांवर जाळी दिसली. शाळेतली सगळी मुलं पानं पुसायला बोलावली गेली. शलाकाच्या शेजारीच केळुसकरबाई भिंग घेऊन वाकल्या होत्या. वस्तीची हवा गाळून फिरवणारं वातचक्र सांभाळणारे मुकादमकाका पाण्याची बादली घेऊन उभे होते.

"बाई, फवारा मारून टाका एकदाचा," मुकादमकाका म्हणाले.

"आणि मग तो फवारा नाकात कोण घेणार? तुमचं वातचक्र तेच सगळ्यांना पाजणार ना?"

"बरं, राहिलं. पण तुमचे पहिलवान कुठे गेले? तीन महिन्यांपूर्वी तर मिशा पिळत उतरले होते."

"मेले," बाई म्हणाल्या. "उपाशी. ते फक्त लाल कोळीच खातात. आपण एकेक कोळी संपवला आणि कोरे कागद लावून पेढे वाटले. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात काही नव्हतं. चूक माझीच. शिकार शून्य झाली की शिकारीही शून्य, हे मला कळायला हवं होतं."

"मग नवीन मागवा."

"यान यायला सहा आठवडे. इथल्या उबेत आठ-दहा दिवसांत कोळ्यांची नवी पिढी तयार होते, आणि एकेक मादी शंभर अंडी घालते. करा हिशेब. सहा आठवड्यांनी फुलझाडं नसतीलच, आणि वालाचे मळे भिंतीपलीकडेच आहेत."

वाल म्हणजे वस्तीचं जेवण. शलाकाचा हात फडक्यावरच थांबला.

"बाई," तिने विचारलं, "शिकारी कोळी दिसतो कसा?"

"भिंगातून बघ. हा लाल कोळी. अंगावर दोन काळे डाग, चाल संथ. शिकाऱ्याला डाग नसतात. नारिंगी, चकचकीत, थेंबासारखा फुगीर, आणि सारखा पळतो."

पळणारे नारिंगी तर शलाकाने रोज पाहिले होते. त्या कोळ्यांच्या आया असाव्यात असं तिला वाटलं होतं. दिसतील तेवढे ती चिरडायचीही. पण शेंड्यावरच्यांना तिने कधी हात लावला नव्हता.

आता गप्प राहिलं तर जास्वंद वाचत होती.  तिने एक पान पुसलं, दुसरं पुसलं. मग बाईंचा पदर ओढून म्हणाली, "माझ्याकडे आहेत."

शलाकाच्या घरी, मोरीतल्या कपाटासमोर बाई बराच वेळ भिंग लावून बसल्या; मुकादमकाका बादलीसकट मागे उभे होते. "सोळा... वीस... अंडीसुद्धा आहेत."

"पुष्पदालनातले कोळी माझ्याच बाहीवरून गेले का?" शलाकाने विचारलं.

"असतील. नाहीतर मागच्या यानातल्या भाजीतून आले असतील. आता कळायचा मार्ग नाही. तू खोटा कागद लावलास, ते वाईटच. पण खरं सांगू? आम्ही सगळ्यांनी खरे कागद लावले, आणि शिकारी मारून टाकले."

"म्हणजे पोरीला शिक्षा करायची की शाबासकी द्यायची?" मुकादमकाका म्हणाले.

"आधी पानं वाटायची. एका कुंडीवर एक पान ठेवलं, की शिकारी त्यावरून उतरून शेजारच्या झाडांवर पसरतील. पण शलाका, ऐक. काही पानं इथे ठेवावी लागतील, कोळ्यांसकट. हे झाड आता कधीच साफ करायचं नाही. शिकाऱ्यांना खायला घालणारं एक घर वस्तीत कायम हवं."

"म्हणजे जास्वंद भट्टीत जाणार नाही?"

"नाही. पण बरीही होणार नाही. आजारी ठेवूनच ती सांभाळायची."

शलाका कळीकडे पाहत होती. टोकाला लाल रंग फुटला होता. दोन दिवसांत उमलली असती.

"आणि ही?"

बाईंनी भिंग खाली घेतलं. "कळी ठेवली तर झाडाचा रस तिकडे जाईल. खुडली तर नवी पानं लवकर फुटतील. जितकी पानं, तितके कोळी, आणि तितके शिकारी. मी खुड म्हणत नाही. झाड तुझं आहे."

मुकादमकाकांनी उगाचच बादली या हातातून त्या हातात घेतली.

शलाकाने भिंग मागून घेतलं. कळीच्या देठावर एक नारिंगी शिकारी पळत होता. तो खाली पानावर उतरेपर्यंत ती थांबली. मग अंगठा आणि बोट देठाला लावून तिने कळी खुडली, काकांच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं,

"पहिलं पान कुठल्या कुंडीवर ठेवू?"